‘ब्लू पोल्स’: आठ निळे खांब आणि तेरा लाख डॉलर

प्रश्न थोडक्यात असा होता: मुलगी ऑस्ट्रेलियात कॅनबेराला असते, येत्या महिन्यात आम्ही दोघं तिकडे चाललोय. जो तो सांगतो, तिथल्या नॅशनल गॅलरीतलं अमेरिकी चित्रकार जॅक्सन पोलॉकचं ‘ब्लू पोल्स’ बघाच. फोटो पाहिला तर नुसते रंगाचे शिंतोडे दिसले. १९७३ मध्ये सरकारने त्यासाठी विक्रमी किंमत मोजली म्हणे. त्यात खरंच काही आहे, की पैसेवाल्यांनी फुगवलेला फुगा आहे?

मी चित्रकार नाही आणि चित्रं विकतही नाही. गेली एकतीस वर्षं मुंबईत चित्रांची डागडुजी करतो, म्हणजे ज्याला कॉन्झर्व्हेशन म्हणतात ते काम. सुटलेले पापुद्रे बसवायचे, काळवंडलेलं वार्निश उतरवायचं, फाटलेला कॅनव्हास सांधायचा. आमचा दिवस रंगापासून वीतभर अंतरावर, भिंग डोळ्याला लावून जातो. त्यामुळे उत्तरही मी तिथूनच देणार. ‘ब्लू पोल्स’ मी एकदाच प्रत्यक्ष पाहिलं, २०१६ च्या डिसेंबरात लंडनला, रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात. तासभर त्याच्यासमोर होतो आणि त्या तासात माझी बरीच मतं बदलली.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. चित्रात काय आहे हा एक, आणि किंमत कशी ठरली हा दुसरा. आधी चित्र.

फोटोवरून काही ठरवू नका, कारण हे चित्र सात फूट उंच आणि सोळा फूट लांब आहे. सेंटिमीटरमध्ये २१२ बाय ४८९. मोबाइलच्या पडद्यावर त्याची जाळी होते आणि जाळी कुणालाही शिंतोड्यांसारखीच दिसणार. प्रत्यक्षात त्यातली एकेक रेघ हातभर, दोन हात लांब आहे. कुठे बोटाएवढी जाड, कुठे शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक. एकाच रेघेत ती जाड-बारीक होत जाते आणि वळणावर तुटत नाही. हे तुमच्या-माझ्याकडून का होत नाही ते सांगतो.

पोलॉक १९४५ मध्ये बायको ली क्रॅस्नर हिच्यासोबत न्यूयॉर्क सोडून लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्ज या गावी राहायला गेला. क्रॅस्नर स्वतः मोठी चित्रकार. घरामागचं धान्याचं कोठार हा त्याचा स्टुडिओ. तिथे तो कॅनव्हास जमिनीवर अंथरायचा आणि चारही बाजूंनी फिरत काडीने, कडक झालेल्या ब्रशने किंवा काचेच्या पिचकारीने वरून रंग सोडायचा. ब्रश कॅनव्हासला टेकतच नाही. १९४७ च्या एका टिपणात त्याने स्वतःच लिहिलंय की ही रीत अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मूलनिवासींच्या वाळूचित्रांच्या जवळची आहे. आपल्याकडे चिमटीतून रांगोळीची सरळ रेघ सोडणाऱ्या बाईचा हात ज्यांनी लहानपणी निरखलाय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

रंगही नेहमीच्या ट्यूबमधलेच नव्हते. दारं-खिडक्यांना आपण जो ‘ऑइल पेंट’ मारतो ते एनॅमल, आणि लोखंडी फाटकाला मारतात तो रुपेरी अ‍ॅल्युमिनियम पेंट. आपला गॅरेजवाला ‘डुको मारून देतो’ म्हणतो ना, तो डुको मुळात ड्यू पाँट कंपनीचा गाडीचा रंग. असले कारखान्यातले रंग चित्रात ओतून वापरायचं पोलॉकने १९३६ मध्ये न्यूयॉर्कला मेक्सिकन चित्रकार सिकेरोसच्या कार्यशाळेत पाहिलं होतं. म्हणजे ‘ब्लू पोल्स’च्या मागे सोळा वर्षांचा हात आहे.

आता त्या रेघेकडे येऊ. काकवी किंवा मध उंचावरून सोडला की खाली पडताना वेटोळी घेतो. रंगही घेतो. वेटोळी टाळायची तर हाताची उंची, हाताचा वेग आणि रंगाचा दाटपणा या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. द्रवांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी पोलॉक काम करतानाच्या जुन्या चित्रफिती तपासून, तसेच प्रयोग करून २०१९ मध्ये दाखवलं की त्याचा हात बहुतेक वेळा नेमका त्या टापूत फिरतो जिथे रेघ वेटोळत नाही आणि तुटतही नाही. मी हे एकदा विद्यार्थ्यांबरोबर गच्चीवर करून पाहिलं. जुना कॅनव्हास, एनॅमलचे चार डबे, बांबूच्या काड्या. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना मजा आली. अर्ध्या तासाने चारही रंग मिसळून चिखलाचा रंग झाला होता आणि रेघ म्हणावी अशी एकही शिल्लक नव्हती. त्यातल्या एका मुलीने पुढे आठवडाभर नुसता रंग पातळ करून, घट्ट करून बघितला, तेव्हा कुठे तिची हातभर रेघ अखंड आली. ‘हे तर लहान मूलही करेल’ हे वाक्य त्या गच्चीवर परत कुणी उच्चारलं नाही.

एनॅमल जाड ओतलं की त्याच्यावर आधी साय धरते, आतला रंग ओलाच राहतो आणि वाळताना वरच्या सायीला सुरकुत्या पडतात. खालचा थर पुरता वाळायच्या आत दुसरा टाकला तर दोन्ही मिसळतात, वाळल्यावर टाकला तर वरचा स्वच्छ बसतो. त्यामुळे आम्हा लोकांना अशा चित्रात वेळ वाचता येतो. तिरपा उजेड टाकला की कुठली रेघ आधी, कुठली नंतर, मध्ये किती थांबला, हे बरंचसं कळतं. ‘ब्लू पोल्स’मध्ये खालच्या थरात उभे ओघळ आहेत. जमिनीवर अंथरलेल्या कॅनव्हासवर रंग ओघळत नाही. म्हणजे एका टप्प्यावर हा कॅनव्हास उभा होता. मग तो आडवा झाला, त्यावर थरावर थर आले, पिवळा, नारिंगी, पांढरा, रुपेरी. कुठे काचेचे तुकडे रुतले आहेत, रंग सोडायच्या पिचकाऱ्या फुटल्या त्यांचे. अनवाणी पायाचे ठसेही आहेत. आणि एवढं सगळं झाल्यावर, चित्र हातातून निसटायच्या बेतात असताना, ते आठ खांब आले. लांब लाकडी पट्टीला गडद निळा रंग लावून ती कॅनव्हासवर दाबली, आठ वेळा, प्रत्येक वेळी जराशी तिरकी. त्यानंतरही तो थांबला नाही. खांबांवरून पुन्हा रेघा गेल्या आहेत, त्यामुळे खांब वर चिकटवल्यासारखे वाटत नाहीत, जाळीत उभे राहतात.

माझ्या मते हे आठ खांब म्हणजे या चित्राचा जीव. १९५० च्या त्याच्या प्रसिद्ध चित्रांत असा आधार कुठेच नाही, सगळीकडे सारखी लय. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची दारू परत सुरू झाली. १९५१ मध्ये तो जवळजवळ निव्वळ काळ्या रंगात चित्रं काढत होता. ‘ब्लू पोल्स’ १९५२ चं. रंग परत आले, पण आता नुसत्या लयीवर त्याचा भरवसा उरलेला नाही, काहीतरी उभं करायची गरज त्याला वाटते आहे. मला त्या चित्रात ती धडपड दिसते. ते त्याचं सगळ्यात निर्दोष चित्र नाही. निर्दोषपणा हवा असेल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं ‘ऑटम ऱ्हिदम’ बघावं. पण माझं मन या चित्रापाशी जास्त रेंगाळतं.

दंतकथांबद्दल थोडं. लंडनला ‘ब्लू पोल्स’च्या समोरच्या भिंतीवर पोलॉकचंच १९४३ चं ‘म्युरल’ होतं, आयोवा विद्यापीठाच्या मालकीचं. ते त्याने एका रात्रीत झपाटल्यासारखं रंगवलं, अशी कथा कितीतरी वर्षं सांगितली जायची. लॉस एंजलिसच्या गेटी संस्थेत त्याचं संवर्धन झालं तेव्हा दिसलं की एका थरावर दुसरा द्यायच्या आधी खालचा वाळलेला आहे. एका रात्रीत तैलरंग असा वाळत नाही. ‘ब्लू पोल्स’चीही एक कथा आहे. १९७३ मध्ये एका अमेरिकी मासिकाने लिहिलं की याची सुरुवात दारूच्या नशेत झाली आणि टोनी स्मिथ व बार्नेट न्यूमन या त्याच्या कलावंत मित्रांचाही त्याला हात लागला. क्रॅस्नरने याला ठाम विरोध केला. सिडनीच्या एका दैनिकाने मात्र पहिल्या पानावर मथळाच दिला, अनवाणी दारुड्यांनी आपलं दहा लाखांचं चित्र रंगवलं, अशा अर्थाचा. माझं म्हणणं एवढंच की सुरुवातीला कुणाचाही हात लागला असो, आज डोळ्यांना दिसतं ते वरच्या थरांचं चित्र आहे, आणि नशेतला हात अशी रेघ सोडू शकत नाही.

आता पैसा.

चित्र पहिल्यांदा दाखवलं गेलं ते नोव्हेंबर १९५२ मध्ये, न्यूयॉर्कच्या सिडनी जॅनिस गॅलरीत. तेव्हा त्याचं नाव होतं ‘नंबर ११’. ‘ब्लू पोल्स’ हे नाव १९५४ मध्ये आलं. पहिल्या मालकाला ते काही हजार डॉलरमध्ये मिळालं. ऑगस्ट १९५६ मध्ये पोलॉक मोटार अपघातात गेला, वय ४४. त्या सुमारास बेन हेलर या संग्राहकाने ते ३२,००० डॉलरला घेतलं. १९७३ मध्ये हेलरकडून ते ऑस्ट्रेलियाने घेतलं, १३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला. त्या वेळी ऑस्ट्रेलियन डॉलर अमेरिकी डॉलरपेक्षा वजनदार होता, त्यामुळे हे जवळपास २० लाख अमेरिकी डॉलर झाले. समकालीन अमेरिकी चित्रासाठी तोवर एवढी रक्कम कुणी मोजली नव्हती. तुलनेसाठी सांगतो, तीनच वर्षांपूर्वी स्पॅनिश चित्रकार वेलाझकेझचं हुआन दे पारेखाचं व्यक्तिचित्र लंडनच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरला गेलं होतं. ते तीनशे वर्षं जुनं, वादातीत. इकडे चित्रकाराला जाऊन सतराच वर्षं झालेली.

गंमत म्हणजे ज्या गॅलरीसाठी चित्र घेतलं ती अजून बांधूनच झाली नव्हती. ती उघडली १९८२ मध्ये. गॅलरीची धुरा तेव्हा जेम्स मॉलिसन यांच्याकडे होती. दहा लाखांपर्यंतची खरेदी ते स्वतःच्या अधिकारात करू शकत होते, त्यावरची नाही. म्हणून कागद थेट पंतप्रधान गफ व्हिटलम यांच्या टेबलावर गेला. त्यांनी मंजुरी दिली आणि किंमत जाहीर करायलाही सांगितलं. मग जे व्हायचं ते झालं. करदात्यांचा पैसा, परक्या देशाचा दारुडा चित्रकार, वर हे शिंतोडे. वर्तमानपत्रं तुटून पडली. व्हिटलम यांनी त्या वर्षीच्या नाताळच्या शुभेच्छापत्रावर हेच चित्र छापलं. १९७४ मध्ये ते देशातल्या शहरांतून दाखवलं गेलं आणि शिव्या देणारेही रांगेत उभे राहून बघून गेले.

किंमत एवढी चढली कशी? चित्र किती सुंदर यावर ती फारशी ठरत नाही. बाजारात तसं दुसरं मिळतं का, हे आधी बघतात. पोलॉकची भव्य चित्रं मुळातच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ‘ऑटम ऱ्हिदम’ मेट्रोपॉलिटनने १९५७ मध्येच ३०,००० डॉलरला घेतलं होतं. ‘कन्व्हर्जन्स’ बफेलोच्या संग्रहालयात गेलेलं. ‘वन: नंबर ३१’ हेलरकडेच होतं, तेही १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात गेलं. संग्रहालयात गेलेली वस्तू सहसा परत बाजारात येत नाही. १९७३ मध्ये नव्याने राष्ट्रीय संग्रह उभारणाऱ्या देशाला अशा मापाचं पोलॉक हवं असेल तर पर्याय जवळजवळ उरलेच नव्हते. हेलरला ते पुरेपूर माहीत होतं. शिवाय मालकीची साखळी स्वच्छ होती: चित्रकार, गॅलरी, पहिला मालक, हेलर. मधली एकही कडी गायब नाही.

ही साखळी किती मोलाची असते, ते न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीच्या प्रकरणात जगाला कळलं. दीडशेहून अधिक वर्षांची ही गॅलरी २०११ मध्ये बंद पडली. तिथून वर्षानुवर्षं विकलेली पोलॉक, रॉथको वगैरे अमेरिकी चित्रकारांची चित्रं क्वीन्समधल्या एका गॅरेजात एका चिनी चित्रकाराने रंगवलेली निघाली. एक ‘पोलॉक’ १ कोटी ७० लाख डॉलरला गेलं होतं. तपासणीत त्यातलं पिवळं रंगद्रव्य पोलॉकच्या मृत्यूनंतरचं निघालं. रंग खोटं बोलत नाही, कागदपत्रं बोलू शकतात. पण तिथे कागदपत्रंही धड नव्हती, आणि तरीही जाणत्या लोकांनी पैसे दिले, याचं मला आजही वाईट वाटतं.

विक्रमांचे आकडे वाचताना एक पथ्य पाळा. तीन वेगवेगळ्या गोष्टींना सगळे ‘किंमत’च म्हणतात. लिलावातली किंमत सगळ्यांसमोर ठरते. मे २०१२ मध्ये रॉथकोचं ‘ऑरेंज, रेड, यलो’ क्रिस्टीज या लिलावघरात ८ कोटी ६९ लाख डॉलरला गेलं. हातोडा पडला तो ७ कोटी ७५ लाखांवर, वरची रक्कम लिलावघराची दस्तुरी. दुसरी खाजगी सौद्याची. पोलॉकचं ‘नंबर ५, १९४८’ २००६ मध्ये १४ कोटी डॉलरला विकलं गेल्याची बातमी होती. २०१५ मध्ये त्याच पिढीतल्या डी कूनिंग या चित्रकाराचं ‘इंटरचेंज’ ३० कोटींना गेल्याचं छापून आलं. त्या चित्राचे चित्रकाराला स्वतःला १९५५ मध्ये ४,००० डॉलर मिळाले होते. असे सौदे बंद दाराआड होतात, आकडा आपल्यापर्यंत वर्तमानपत्रातून येतो. तिसरी विम्याची किंवा मूल्यांकनाची. ‘ब्लू पोल्स’ची किंमत आज ३५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा त्याहून जास्त सांगतात ती या जातीची. ती किंमत देणारा माणूस कुठे समोर उभा नाही. माझ्याकडे लोक जुन्या चित्राचं मूल्यांकन घेऊन येतात आणि तेवढे पैसे जणू घरात आलेच आहेत असं बोलतात, तेव्हाही मी हेच सांगतो.

२०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका सिनेटरने हे चित्र विकून देशाचं कर्ज कमी करावं असं सुचवलं. आयोवातही २०११ मध्ये ‘म्युरल’ विकून शिष्यवृत्त्या द्याव्यात, असा प्रस्ताव विधिमंडळात आला होता. दोन्ही बारगळले. मला दोन्ही वेळा बरं वाटलं. आज ‘ब्लू पोल्स’ विकलं तर ते बहुधा कुणा अब्जाधीशाच्या घरात किंवा करमुक्त गोदामातल्या पेटीत जाईल. १९७३ मध्ये ज्यांनी शिव्या दिल्या त्यांची नातवंडं आज शाळेच्या सहलीला येऊन त्याच्यासमोर जमिनीवर फतकल मारून बसतात. म्हणून फुगा म्हणायचं असेल तर बाजारातल्या बऱ्याच आकड्यांना म्हणा, या खरेदीला नाही. तिची किंमत चारचौघांत सांगितली गेली आणि चित्र चारचौघांचं झालं.

आपल्याकडचा माणूस इथे चित्रकार वासुदेव गायतोंडेंची आठवण काढणारच. नागपूरला जन्मलेले, मूळ गोव्याचे, जे. जे.मध्ये शिकलेले. १९६४ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले तेव्हा ही अमेरिकी चित्रकला तिथे सगळीकडे होती. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेलं, पुढे ते आकडे आणखी चढले. पण त्यांना पोलॉकच्या रांगेत बसवू नका. रोलर आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंग पसरायच्या सुरीने, ते रंग चढवत, उतरवत, वाट बघत. पोलॉकचा वेग त्यांच्यात औषधालाही नाही. मुंबईच्या एनजीएमएत, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, कधी त्यांचं काम लागलेलं असेल तर कॅनबेराला जायच्या आधी बघून जा, डोळा तयार होईल.

आणि तिथे गेल्यावर घाई करू नका. आधी दालनाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहा, जिथून आठही खांब एका नजरेत मावतील. खांब मोजा. प्रत्येकाचा कल वेगळा आहे, तो बघा. मग गॅलरीने आखलेल्या मर्यादेपर्यंत जवळ जा आणि एका खांबावर नजर ठेवून बघा की कुठल्या रेघा त्याच्या खालून येतात आणि कुठल्या वरून जातात. थोडं बाजूला सरकून तिरपं बघितलं की रुपेरी रंग उजळतो आणि काचेचा एखादा तुकडा चमकतो. त्यानंतर खालच्या थरातले उभे ओघळ शोधा. ते सापडायला मला वीस मिनिटं लागली होती. तुमच्यापैकी कुणाला गुडघ्यांचा त्रास असेल तर बसायची सोय आहे का ते दारातच विचारा. परत आल्यावर तुम्हाला पायाचा ठसा सापडला की नाही, तेवढं मला कळवा.